आडनावबंधू की पूर्वज?

प्रश्न : माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात असते. जावई तिथलाच, आडनाव मिलर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की त्यांचा एक पूर्वज, जॉन मिलर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला. नातवाला शाळेसाठी वंशावळ करायची होती म्हणून मुलीने जुन्या लष्करी याद्या उघडल्या, तर जॉन मिलर ढीगभर निघाले. हे सगळे एकाच घराण्यातले असतील का? आणि नसतील तर त्यातला आपला कोणता, हे ओळखायचे कसे?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : सगळे एकाच घराण्यातले नाहीत, एवढे तर याद्या न बघताच सांगता येते. आडनाव एक म्हणजे भावकी एक, असे आपण सांगलीत मानत नाही. गावोगावचे पाटील आणि कुलकर्णी एकमेकांचे फार तर आडनावबंधू. मिलरांचेही तसेच. मिलर म्हणजे गिरणीवाला, धान्य दळून देणारा. युरोपात ठिकठिकाणी ओढ्याकाठी पाणचक्की असे आणि ती चालवणाऱ्याला गाव त्याच्या धंद्यावरूनच ओळखे. त्यामुळे हे आडनाव एका घरात जन्मून पसरलेले नाही, ते अनेक गावांत आपापले उगवले. अमेरिकेत ‘मिलर घराण्याचे कुलचिन्ह’ छापलेले मग विकत मिळतात, ते चहा प्यायला चांगले. इंग्लंडात असे चिन्ह एखाद्या माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळे, आख्ख्या आडनावाला नव्हे.

पेनसिल्व्हेनियात या गोंधळात आणखी भर पडली. अठराव्या शतकात तिथे जर्मन बोलणारे लोक हजारोंनी येऊन राहिले. त्यांच्यातला म्युलर म्हणजेही गिरणीवालाच. पलटणीचा कारकून इंग्रजी कानाने ऐकणार आणि ऐकले तसे लिहिणार, म्हणून एकच शिपाई एका यादीत म्युलर असतो आणि पुढच्या यादीत मिलर. बऱ्याच शिपायांना स्वतःलाच लिहिता येत नव्हते. आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’ असते, तशी तिथे नाव आणि आडनाव यांच्या मधोमध फुलीची खूण सापडते. अशा माणसाला स्पेलिंगबद्दल आग्रह असण्याचे कारण नाही. तेव्हा स्पेलिंग वेगळे म्हणजे माणूस वेगळा, हा पहिला गैरसमज आणि स्पेलिंग तेच म्हणजे माणूसही तोच, हा दुसरा. त्यातून जर्मन घरांत मुलांना योहान गेओर्ग, योहान पेटर अशी जोडनावे ठेवायची रीत होती. घरातले चारही भाऊ कागदावर योहान असायचे आणि हाका मात्र दुसऱ्या नावाने मारल्या जायच्या. कागदावरचा जॉन शोधताना घरातला पीटर हाताशी असून निसटतो तो असा.

‘ज्युनियर’ हा शब्दही जपून वाचायचा. आज तो बापलेकांसाठी वापरतात. त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर आणि धाकटा ज्युनियर, इतकेच. ते चुलते-पुतणे असू शकत, किंवा एकमेकांचे कोणीच नसत. थोरला वारला की धाकट्याला बढती मिळून तो सीनियर होई. म्हणजे १७७७ च्या यादीतला ज्युनियर आणि १७९० मधला सीनियर हा एकच माणूस असणे अगदी शक्य आहे.

आता शोधाच्या दिशेकडे वळू. तुमच्या मुलीने सुरुवात युद्धापासून केली, बहुतेक लोक तेच करतात. नामांकित पूर्वज आधी पकडायचा आणि मग त्याला खाली आपल्यापर्यंत ओढत आणायचे. यात माणूस हवा तसा सापडतो आणि म्हणूनच चुकीचा सापडतो. वाट उलटी असावी. नातू, जावई, जावयाचे वडील, आजोबा असे एकेक पायरी मागे जायचे आणि पुढची पायरी कागदाने पक्की झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचे नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० मध्ये. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची नुसती मोजदाद. म्हणून १८५० ही या प्रवासातली उंबरठ्यासारखी जागा आहे. तिच्या अलीकडे चालणे सोपे, पलीकडे मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, कराच्या याद्या आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी यांच्या आधाराने चाचपडत जावे लागते.

गाव तेच राहून जिल्हा बदलतो, हेही ध्यानात असू द्या. १९८१ पूर्वीचा सावंतवाडीचा कागद सिंधुदुर्गाच्या नावाने शोधला तर काय मिळणार? तसेच पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीतून १७८५ मध्ये डॉफिन काउंटी वेगळी निघाली, म्हणून डॉफिनमधल्या गावाचे त्याआधीचे कागद लँकेस्टरच्या नावाने शोधायचे.

इतके करून जॉन मिलर साधारण कधी जन्मला आणि कुठे राहत होता हे ठरले, की मग फौजेचे दप्तर उघडायचे. त्यात आधी मिळतात ती मस्टरे. कचेऱ्यांनी आणि रोजगार हमीच्या कामांनी हा शब्द आपल्याकडे मराठीच करून टाकला आहे, पण तो मूळचा याच हजेरीपटांचा. कोण हजर, कोण आजारी, कोण पळाला, कोणाला किती पगार. ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि स्वातंत्र्ययुद्धाचे बरेचसे दप्तर त्यात गेले. जे इतरत्र उरले ते गोळा करून, १८९० च्या दशकात खात्याने प्रत्येक हजेरीपटातले प्रत्येक नाव वेगळ्या कार्डावर उतरवले आणि एका पलटणीतल्या एका शिपायाची कार्डे एका पाकिटात घातली. आज ‘सेवानोंद’ म्हणून मिळते ते हे पाकीट. म्हणजे ते युद्धातले नाही, युद्धानंतर शंभरेक वर्षांनी कारकुनांनी लावलेले आहे. शिपाई दोन पलटणींत असला तर त्याची पाकिटे दोन. त्यामुळे तुमच्या ढिगात पाकिटे जितकी आहेत तितके जॉन मिलर असतीलच असे नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या याद्यांची आणखी एक गंमत आहे. तिथल्या १७७७ च्या कायद्याने १८ ते ५३ वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावे मिलिशियात, म्हणजे गावच्या राखीव दलात, लिहिली जात. त्यांचे आठ गट पाडलेले असत आणि पाळी येईल तसा एकेक गट दोन महिन्यांसाठी बोलावला जाई. म्हणजे यादीत नाव आहे याचा पक्का अर्थ इतकाच, की हा माणूस त्या गावात राहत होता आणि त्या वयाचा होता. तो घराबाहेर पडला की नाही, हे यादी सांगत नाही. पाळी आली तर स्वतःऐवजी माणूस देण्याचीही सोय होती. गिरणगावातल्या ‘बदली’ कामगारांसारखे हे बदली शिपाई. घरात सांगितली जाणारी लढाईची गोष्ट कधी कधी यांच्यापैकी एकाची असते आणि नाव राहते दुसऱ्याचे.

नुसत्या याद्यांवर तुमचा प्रश्न सुटायचा नाही. तो सुटला तर सुटेल पेन्शनच्या फायलीत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शन आणि जमीन मागणाऱ्या अर्जांच्या अशा सुमारे ८०,००० फायली आहेत आणि त्यांच्या प्रती घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

या फायली इतक्या बोलक्या का, याचे कारण सरकारच्या संशयी स्वभावात आहे. १८१८ च्या कायद्याने नऊ महिने नोकरी केलेल्या गरजू शिपायांना महिना ८ डॉलर मिळू लागले. अर्जांचा असा लोंढा आला की इतके सगळेच गरीब कसे, असा सवाल उठला. १८२० मध्ये नवा कायदा झाला : पेन्शन हवी असेल तर कोर्टात येऊन शपथेवर आपली सगळी मालमत्ता लिहून द्या. मग म्हाताऱ्या शिपायांनी लिहून दिले, गाय किती, खुर्च्या किती, भांडी कोणती, देणे किती. त्याच्याच खाली घरात कोण कोण आहे, त्यांची वये काय, कामाला कोण धड आणि कोण आजारी. त्या म्हाताऱ्याला ते लिहिताना काय वाटले असेल ते असो, पण तीस वर्षांनी जनगणनेत येणारी बायकामुलांची नावे इथे आधीच मिळतात.

१८३२ मध्ये गरिबीची अट गेली आणि किमान सहा महिने नोकरी केलेल्या मिलिशियातल्या लोकांनाही दार उघडले. पण युद्ध संपून पन्नास वर्षे झालेली, कागद जळलेले किंवा हरवलेले. म्हणून सरकारने प्रश्नावलीच घातली. जन्म कुठे आणि कोणत्या साली? वयाचा लेखी पुरावा आहे का? बोलावणे आले तेव्हा राहत कुठे होता, आणि नंतर कुठे कुठे राहिलात? स्वतःहून गेलात, सक्तीने, की कोणाच्या बदली? अधिकारी कोण होते? शेजारपाजारचे कोण तुमच्याबद्दल सांगतील? हा शेवटचा प्रश्न घरोघरचे दार उघडतो, कारण साक्षीला येणारे बहुधा मेहुणे, व्याही किंवा लहानपणचे शेजारी असत. पलटणीच्या तुकड्याही गावागावांतून उभ्या राहत, म्हणून एका तुकडीत दोन मिलर दिसले तर ते नातलग असण्याचा संभव बराच, पण तो संभवच.

मग विधवांची पाळी आली. १८३६ च्या कायद्याने नोकरी संपण्यापूर्वी लग्न झालेल्यांना पेन्शन दिली, नंतरच्या कायद्यांनी ही मर्यादा पुढे पुढे सरकवली आणि १८५३ मध्ये काढूनच टाकली. म्हाताऱ्या शिपायांनी उतारवयात केलेली लग्नेही त्यात बसली. एस्थर डेमन ही शेवटची विधवा पेन्शनर वारली १९०६ साली, युद्ध संपल्यावर १२३ वर्षांनी. विधवेला लग्न सिद्ध करावे लागे आणि दाखला नसे. तेव्हा घरच्या बायबलात जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवलेले पान फाडून अर्जाला जोडायचे. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांत जन्माच्या नोंदी रंगीत वेलबुट्टी काढून सजवत, त्यांना फ्राक्टुर म्हणतात. तेही फायलीत गेले आणि तिथेच राहिले. जावयांच्या घरी जुन्या बायबलाचे नेमके पहिले पान नसेल, तर ते वाळवीने खाल्ले असे समजू नका.

फायलीच्या क्रमांकाआधी एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे शिपाई स्वतः, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवा आणि ‘आर’ म्हणजे अर्ज नामंजूर. ‘आर’ पाहून फाइल बंद करू नका. नामंजूर म्हणजे खोटा, असे नव्हे. कधी सहा महिने भरत नसत, कधी साक्षीदार उरलेले नसत. ऱ्होड आयलंडचा जेहू ग्रँट हा गुलाम मालकाकडून पळून फौजेत गेला आणि दहाएक महिने राबला. त्याचा अर्ज सरकारने फेटाळला, कारण तो त्या वेळी फरारी गुलाम होता. त्याची हकिगत आज वाचायला मिळते ती त्या फेटाळलेल्या अर्जामुळेच. उलट जे खाऊनपिऊन सुखी होते, किंवा १८१८ पूर्वीच वारले, त्यांची बहुधा फाइलच नाही. फाइल नसणे म्हणजे नोकरी नसणे, हाही निष्कर्ष काढू नये.

एक छोटी सोय सांगायची राहिली. १८४० च्या जनगणनेत हयात पेन्शनरांची नावे आणि वये वेगळी टिपली आहेत, ती ज्या घरात राहत त्या घराच्या प्रमुखाच्या नावासह. वृद्ध मिलर दुसऱ्याच आडनावाच्या घरात दिसला, तर तो बहुधा लेकीकडे राहायला गेलेला असतो. तुमच्या जावयांचे घराणे मुलाकडून आलेले असले तरी ही लेक शोधा, कारण तिच्या नवऱ्याच्या किंवा बापाच्या मृत्युपत्रात तिच्या भावांची नावे सापडू शकतात.

शेवटी एक शक्यता, जी जावयांना हसत हसतच सांगावी. ब्रिटिशांनी या युद्धासाठी जर्मन संस्थानिकांकडून सुमारे ३०,००० सैनिक भाड्याने आणले होते. बरेचसे हेसेन प्रांतातले, म्हणून सरसकट सगळ्यांनाच ‘हेशियन’ म्हणत. त्यांच्यातले काही हजार परत गेलेच नाहीत. कोणी कैदेतून, कोणी पलटणीतून पळून जर्मन बोलणाऱ्या वस्त्यांत मिसळले आणि तिथेच संसार थाटला. त्यांच्या नावांच्या याद्या जर्मनीत मारबुर्गच्या अभिलेखागारात तयार झाल्या आहेत आणि म्युलर तिथेही कमी नाहीत. तुमचा जॉन अमेरिकेच्या एकाही यादीत बसेना, तर घरातली गोष्ट पुन्हा एकदा नीट ऐका. पूर्वज युद्धात लढला इतकेच त्यात आहे, की कोणत्या बाजूने तेही आहे?