मिठागराचा पाठ



प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस शिकविण्यासाठीं दूरचे दाखले शोधले नाहींत. पिठांतलें खमीर, घरांत हरवलेलें नाणें, दिवठणीवरचा दिवा, शेतांत पेरणारा माणूस आणि जेवणांतलें मीठ हींच त्याच्या शाळेंतलीं पुस्तकें होतीं. असाच एक पाठ मानखुर्दच्या खाडीकांठीं सांपडतो. तो विशेषेंकरून उतारवयाचा आहे. म्हणून नातवंडांनीं तो आजीआजोबांच्या शेजारीं बसून वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

मानखुर्दच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. आज तेथें वस्ती दाटली असून 1992 सालापासून आगगाडी ही खाडी ओलांडून वाशीस जाते. परंतु ह्या खाडीच्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें चालत आलीं, आणि आगरी लोकांनीं त्यांत उन्हातान्हांत घाम गाळला. आपल्याकडे मीठ ‘पिकतें’ असें म्हणतात. मात्र शेत पावसावर पिकतें, तर मीठ पाऊस सरल्यावर. भरतीचें पाणी बांधाच्या आंत घ्यावयाचें, एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत सोडावयाचें, आणि ऊन व वारा यांच्या स्वाधीन करावयाचें, हा त्याचा क्रम. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सर्व मिळून सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. डोळ्यांस मात्र नुसतें पाणीच दिसतें. दहा घागरींची जवळजवळ एक घागर होईपर्यंत तें आटावें लागतें. तेव्हां कोठें मिठाचे कण दिसूं लागतात.

मनुष्याचें आयुष्यही असेंच आटत जातें. पायांतलें बळ जातें, दृष्टि मंद होते, बरोबरीचे सोबती एकेक करून निघून जातात. ‘आतां माझा कोणास काय उपयोग?’ हा प्रश्न वृद्धांच्या मनांत येतो, आणि पुष्कळदां घरांतील मंडळींच्या वागण्यानें त्यास दुजोराच मिळतो. आटणें दुःखाचें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तें खरेंखुरें दुःख आहे. परंतु मिठागरांत आटतें तें पाणी. मीठ आटत नाहीं. भरल्या पाण्यांत जें दिसत नव्हतें, तेंच आतां दिसूं लागतें.

तथापि येथेंच थांबलों तर पाठ अर्धा राहील. कारण म्हातारपण मनुष्यास आपोआप पवित्र करतें, असें नाहीं. मीठ खालीं बसल्यावर वर जें पाणी राहतें, तें मॅग्नेशियमच्या क्षारांमुळें कडू असतें. तें वेळींच सोडून द्यावें लागतें. तसेंच आटूं दिलें, तर कडूपणा मिठांत उतरतो आणि मिठास ओल सुटत राहते. वर्षांनीं भक्ति दाट होते, तशी जुनी अढीही दाट होते. भावाभावांचा तंटा, सुनेचा एखादा शब्द, कोणीं केलेला अपमान, हें सर्व वर्षानुवर्षें मनांत आटवीत ठेवलें, तर प्रार्थनेचीही चव बिघडते. क्षमा म्हणजे हें कडू पाणी बाहेर सोडण्याचें दार होय.

ह्याचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. नाशिकजवळील जलालपुरास 1868 सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेंत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि कांहीं वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें 1900 सालीं स्वतः लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. पतीचा स्वभाव तापट. हात असा उदार कीं घरांत पैसा टिकेना. 1919 सालीं तेही गेले. ह्या विधवेनें मग आपल्या आठवणी सांगितल्या, आणि ‘स्मृतिचित्रें’ हें पुस्तक 1934 पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. त्यांत दुःख कांहीं थोडें नाहीं. पण कोणावर सूड उगविलेला नाहीं. अश्रूंच्या शेजारींच हसूं आहे, आणि पुष्कळदां तें हसूं स्वतःवरच आहे. शिवाय टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ हें काव्यही त्यांनींच पुढें नेऊन पुरें केलें. 1936 सालीं त्या वारल्या. कडू पाणी वेळींच सोडलें, म्हणूनच मागें इतकें शुभ्र मीठ राहिलें.

मिठाचा आणखी एक गुण असा कीं तें स्वतःसाठीं नसतें. अन्नांत विरून दिसेनासें झालें, म्हणजेच त्याचें काम होतें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील पंडिता रमाबाईंस उतारवयांत कमी ऐकूं येत असे, आणि 1921 सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. संस्कृतांत पंडिता ही पदवी मिळविलेल्या ह्या बाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें होतें, आणि तें साध्यासुध्या बायकांस कळावें म्हणून सोप्या शब्दांत केलें. विद्वत्ता जणूं विरून गेली, चव मात्र राहिली. तें काम संपवूनच 5 एप्रिल 1922 रोजीं त्यांनीं देह ठेवला.

आपल्या घरांतले वृद्ध ग्रंथ लिहीत नसतील. पण पाठ त्यांच्याही हातांत असतो. तांदूळ निवडतांना आजी खडा दिसला कीं न बोलतां बाजूस टाकते. दिवसभरांत कानीं पडलेले शब्द निजण्यापूर्वीं असेच निवडतां येतात. आजोबांस डोळ्यांनीं वाचवत नाहीं, म्हणून नातू शास्त्र वाचून दाखवितो. मदत घेणें ही देखील नम्रतेची साधना आहे, आणि ती तरुणपणीं क्वचितच साधते.

विद्यार्थी मित्रहो, ह्या सुटींत एक अभ्यास करा. घरांतील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धाजवळ बसून विचारा कीं, आयुष्यांतलें कोणतें कडू पाणी त्यांनीं सोडून दिलें, आणि तें कसें साधलें. उत्तर मिळावयास वेळ लागेल. घाई करूं नका. जें सांगतील, तें त्यांच्याच शब्दांत वहींत उतरून घ्या व त्यांस वाचून दाखवा. पालकांनीं ह्या आठवड्यांत घरचा एखादा खराखुरा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवून त्यांचा सल्ला घ्यावा. खाल्ल्या मिठास जागावें, असें आपण म्हणतों. त्याचा आरंभ असा घरांतूनच व्हावा.