हरल्यावर चिडणारा मुलगा

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. खेळात हरला की मित्रांना ढकलतो. शाळेत भावना ओळखण्याचा तास असतो. असं शिकवून स्वभाव बदलतो का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, या वयात हार न पचणं हा स्वभावदोष नव्हे. राग आवरणं वाचनासारखंच सरावानं येतं. म्हणूनच पायाभूत स्तराच्या २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र स्थान आहे.

रागाच्या भरात उपदेश नको. शांत झाल्यावर विचारा, ‘राग आला होता की वाईट वाटलं?’ घरी सापशिडी खेळा. तुम्ही हरलात की हसून पुढचा डाव मांडा. ढकललं तर खेळ थांबेल, हे आधीच सांगा. जबरदस्तीनं ‘सॉरी’ वदवू नका. मारामारी वाढली, झोप बिघडली किंवा तो शाळा टाळू लागला, तर मात्र समुपदेशकांना भेटा.