मागणीवरून काढलेली चित्रे

प्रश्न : एका किराणा दुकानाच्या दिवाळीच्या हस्तपत्रकासाठी मी मोबदला घेऊन गूळ, पोहे, रव्याची चित्रे रंगवून दिली. तीच आता पिशव्यांवर दिसतात. चित्रे माझी, म्हणजे हक्कही माझाच ना?
— एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : आपला समज स्वाभाविक आहे, परंतु स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ अन्वये, मोबदला देऊन जो रंगचित्र काढून घेतो, तोच, विरुद्ध करार नसल्यास, त्याचा प्रथम मालक ठरतो. तथापि कर्तृत्व सांगण्याचा आणि कीर्तीस बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा कलम ५७ चा अधिकार आपल्यापाशीच राहतो, हे मला फार मोलाचे वाटते. तेव्हा कज्जेदलालीत न पडता दुकानदारापाशी वाढीव मोबदल्याची गोष्ट काढावी. पुढे मात्र चित्र कशावर, किती काळ छापायचे, हे आधीच लिहून सही घ्यावी.