झोप का येत नाही?

मित्रांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात देवीच्या झोपेलाही पंचांगात जागा आहे. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते: नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. आणि आपण? "काल नाईट मारली" हे छाती फुगवून सांगतो!

पण नाईट मारणं म्हणजे निद्रानाश नव्हे. अंथरूण आहे, वेळ आहे, तरी झोप लागत नाही, मधेच मोडते किंवा फार लवकर जाग येते आणि दुसरा दिवस बिघडतो, तो निद्रानाश. आठवड्यातून किमान ३ रात्री असं ३ महिने चाललं, तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

१९८०च्या दशकात आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने कारणांचे तीन थर मांडले. पहिला, मुळातली प्रवृत्ती: घराण्यात निद्रानाश, काळजीखोर स्वभाव. दुसरा, निमित्त: परीक्षा, केटी, घरचं आजारपण, एखादा धक्का. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. लोक झोपेतच गाडले गेले. त्यानंतर कित्येक दिवस छपराखाली डोळा लागत नव्हता, असं आमच्याकडची मोठी माणसं अजून सांगतात. निमित्त याहून मोठं काय असणार?

तिसरा थर सगळ्यात फसवा. निमित्त संपतं, पण सवयी राहतात: दुपारी ताणून देणं, रात्रीचा चहा, पलंगावरच अभ्यास आणि मोबाईल. त्यात "आज तरी येईल का?" ही धास्ती. आपल्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. काळजीने झोप जाते, झोप गेली की काळजी वाढते.

धोका कोणाला जास्त? स्त्रियांना, वयस्कर मंडळींना, रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना, दमा किंवा जुनं दुखणं असणाऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना आणि नैराश्य किंवा चिंतेने ग्रासलेल्यांना. आपल्या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं, त्यात आठचं लेक्चर!

मग करायचं काय? उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. चहाचा शेवटचा कप दुपारीच संपवा, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं. वीस-एक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसा, पेंग आली की मगच आडवे व्हा. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याची थेरपी हा आहे.

शेवटी एक विनंती. रूम पार्टनर आठवडेच्या आठवडे रात्री छताकडे बघत पडून असेल, मेसला यायचा बंद झाला असेल, तर "घुबड" म्हणून चिडवू नका. जवळ बसून विचारा. ही नैराश्याची खूण असू शकते. वॉर्डनसरांना सांगा, नाहीतर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावा. तो रात्रीही चालू असतो.