पोथी आणि पुस्तक : ‘आय ॲम दॅट’च्या निमित्ताने

१

हिंदू अध्यात्म पाश्चात्त्य भूमीत रुजू शकते काय, हा प्रश्न १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेपासून वारंवार विचारला गेला आहे. त्याची उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. सत्य सार्वत्रिक असल्याने ते कोठेही रुजेल, असे एक पक्ष मानतो. अध्यात्म ही भूमी, भाषा आणि कुळाचार यांच्याशी जखडलेली गोष्ट असल्याने ते परदेशी केवळ कुतूहलाचा विषय राहील, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोन्ही उत्तरांत एक गृहीत समान आहे. भारतात ते रुजलेलेच आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. प्रस्तुत लेखात एका मराठी उदाहरणाच्या आधारे हे गृहीत तपासावयाचे आहे. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचा ‘आय ॲम दॅट’ हा इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनाने प्रसिद्ध केला, तो या विवेचनाचा विषय होय.

२

मराठी संतपरंपरा इंग्रजीच्या द्वारे बाहेर गेली ती प्रामुख्याने तीन वाटांनी. पहिली वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींविषयीची ग्रंथमाला सिद्ध केली; भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे व रचना तिच्यातून इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचल्या. दुसरी वाट तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांची. गुरुदेव रा. द. रानडे यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संतांचा अनुभव तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडला गेला. तिसरी वाट साधकांची. ‘आय ॲम दॅट’ हा या वाटेवरचा ग्रंथ.

पहिल्या वाटेने मराठी संतांना वाचक मिळाले, दुसरीने अभ्यासक मिळाले. तिसरीने मात्र प्रश्न घेऊन मुंबईस येणारी माणसे मिळाली. साहित्यकृती म्हणून संतवाङ्मयाचे परभाषेत स्वागत होणे आणि साधना म्हणून ते स्वीकारले जाणे, या भिन्न घटना आहेत. दिलीप चित्रे यांच्या ‘सेज तुका’ (१९९१) या अनुवादामुळे तुकोबा इंग्रजी काव्यरसिकांपर्यंत पोहोचले; त्यामुळे कोणी वारीस निघाला पाहिजे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. रुजण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो तो तिसऱ्या वाटेच्या संदर्भातच.

३

निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. बालपण कोकणातील कांदळगावात गेले. पुढे मुंबईत त्यांनी विडीचे दुकान चालविले. १९३३ मध्ये त्यांची सिद्धरामेश्वर महाराजांशी भेट झाली. सिद्धरामेश्वर हे इंचगिरी संप्रदायाचे. निंबर्गी महाराज, त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज आणि त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर अशी ही परंपरा. रानडेही भाऊसाहेबांचेच अनुगृहीत. म्हणजे दुसरी आणि तिसरी वाट एकाच उगमापासून निघाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा संप्रदाय मराठी–कन्नड सीमाभागात वाढला. त्याचे मुख्य स्थान कर्नाटकात. पण त्याच्या नित्यवाचनात ‘दासबोधा’सारखे मराठी ग्रंथ. म्हणजे पाश्चात्त्य देशांचा प्रश्न निर्माण होण्यापूर्वीच या परंपरेने एक भाषासीमा ओलांडली होती. ती ओलांडताना तिने ग्रंथ, नाम, ध्यान, भजन आणि सप्ताह हे सारे बरोबर नेले. कन्नड घरांत मराठी पोथी वाचली गेली. परकी भाषा तेथे अडसर ठरली नाही, कारण पोथीभोवतीचा आचार अखंड होता.

खेतवाडीतील महाराजांच्या घरी, पोटमाळ्यावरच्या लहानशा खोलीत, हाच आचार चालू होता. नित्य भजन होई, आरती होई, निरूपण होई. १९७० च्या दशकात परदेशी जिज्ञासू येऊ लागले तेही याच खोलीत. प्रश्न इंग्रजीत विचारले जात, दुभाषी ते मराठीत सांगत आणि उत्तर मराठीत येई.

४

या संवादांना इंग्रजी ग्रंथरूप देणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते. औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाशी त्यांचा निकटचा संबंध होता. रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या सहवासातही ते राहिले होते. त्यांनी सिद्ध केलेल्या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. पुढील एकखंडी आवृत्तीत १०१ संवाद आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे नाहीत. केवळ ‘प्रश्नकर्ता’ आणि ‘महाराज’. नवनाथ संप्रदायाची माहिती ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात दिली आहे. खेतवाडीत जो संप्रदाय घराचा पाया होता, तो ग्रंथात परिशिष्ट झाला. यात संपादकाचा दोष पाहण्याचे कारण नाही. परक्या वाचकासाठी ग्रंथ रचताना विचार मध्यभागी येतो आणि आचार कडेला जातो. हा त्या माध्यमाचाच परिणाम होय.

भाषेच्या पातळीवरही असेच स्थित्यंतर दिसते. मराठी संतवाङ्मयात ‘मीपण’ हा शब्द टाकावयाच्या गोष्टीसाठी येतो. म्हणून ‘मी आहे’ या अनुसंधानाकडे मराठी श्रोता वळतो तेव्हा ‘मीपणा’विषयीची सावधगिरी त्याच्या कानात आधीच असते. इंग्रजी ‘आय ॲम’ला ही पार्श्वभूमी नाही, उलट तेथे बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथात ईश्वराने मोशेला सांगितलेल्या स्वतःच्या नावाचा ध्वनी उमटतो. ‘जाणीव’ हा शब्दही तसाच. तो मराठीत ‘नेणीव’ या जोडशब्दासह वावरतो आणि स्वरूप या दोहोंपलीकडचे आहे, हे सांगणे त्यामुळे सुलभ होते. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनानंतर ज्ञानखंडनाचेही प्रकरण येते, ते याच विचाररीतीचे शिखर. इंग्रजी ग्रंथात ‘कॉन्शसनेस’ आणि ‘अवेअरनेस’ असा भेद करावा लागतो. तो अर्थवाही आहेच. पण त्यामागे अशी शतकांची श्रवणपरंपरा नाही. वाचकाला तो भेद प्रत्येक वेळी बुद्धीने नव्याने उभा करावा लागतो.

तथापि एक गोष्ट जवळजवळ अक्षत राहिली : शंका-समाधानाचा आकृतिबंध. ‘दासबोधा’त श्रोता आशंका घेतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. तेथेही श्रोत्याला नाव नाही. इंग्रजी ग्रंथाचे सामर्थ्य पुष्कळ अंशी या आकृतिबंधात आहे. ओवी आणि तिचा गायनधर्म अनुवादात नाहीसा होतो. विचारलेला प्रश्न मात्र कोणत्याही भाषेत प्रश्नच राहतो. फरक श्रोत्याच्या भूमिकेत आहे. समर्थांचा श्रोता श्रवणभक्तीत बसलेला आहे. त्याची आशंका साधनेच्या आतून येते. इंग्रजी ग्रंथातील प्रश्नकर्ता पुष्कळदा बाहेरून आलेला, एकटा आणि अस्वस्थ आहे.

५

मग हे अध्यात्म पाश्चात्त्य देशांत रुजले काय? ग्रंथ तेथे निःसंशय स्थिरावला. १९८२ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली, पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि महाराजांच्या अखेरच्या काळातील संवादांचे जीन डन यांनी संपादिलेले संग्रहही प्रसिद्ध झाले. पण नित्यभजन आणि पोथी यांसह एका पिढीकडून दुसरीकडे जाणारा आचार त्या प्रमाणात तेथे उभा राहिलेला दिसत नाही. वाचक पुष्कळ, आणि प्रत्येकजण आपल्यापुरता आरंभ करणारा.

याच्या अगदी उलट उदाहरण गौडीय वैष्णव परंपरेचे. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे भक्तिवेदान्त स्वामींनी स्थापन केलेल्या संस्थेने नामसंकीर्तन मूळ भाषेतच ठेवले. आहार, वेष, दिनचर्या आणि सण यांचाही आग्रह धरला. तेथे आचार आधी गेला, त्याच्या आधाराने ग्रंथ गेले. त्यामुळे समूह निर्माण झाला. मात्र त्याबरोबर संस्थेचे ताण आणि परकेपणाचे ओझेही आले. एका प्रकारात विचार मोकळेपणाने फिरतो, पण त्याला घर नसते; दुसऱ्यात घर असते, पण दार अरुंद होते.

परंतु हा भेद पूर्व आणि पश्चिम असा नाही. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित मराठी वाचकही आज ‘आय ॲम दॅट’ बहुधा एकट्याने, मनात, इंग्रजीतूनच वाचतो. त्याच्या घरी ‘दासबोध’ असतो, पण तो कपाटात. या वाचकाची स्थिती पाश्चात्त्य वाचकाहून फारशी वेगळी मानता येणार नाही. उलट सीमाभागातील कन्नडभाषक कुटुंब मराठी पोथीभोवती बसते, तेव्हा भाषा परकी असूनही परंपरा रुजलेली असते. खरा भेद पोथी आणि पुस्तक यांच्यातील आहे. पोथी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, इतरांसह आणि पुनःपुन्हा वाचली जाते. ती संपत नाही. पुस्तक एकट्याचे असते आणि वाचून संपते.

हिंदू अध्यात्म कोठे रुजेल, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नकाशावर शोधता येणार नाही. जेथे ग्रंथाभोवती पुनरावृत्त होणारा सामूहिक आचार टिकतो किंवा नव्याने घडतो, तेथे ते रुजते. जेथे तो नाही, तेथे भारतातही ते पुस्तकच राहते. मराठीच्या अभ्यासकांपुढे यातून एक निश्चित काम उभे राहते. मुंबईच्या एका खोलीत बोलल्या गेलेल्या मराठीतून सिद्ध झालेला हा ग्रंथ जगाला इंग्रजी ग्रंथ म्हणून परिचित आहे, आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्या निरूपणाची नोंद नगण्य आहे. संतवाङ्मयाचा अभ्यास सतराव्या–अठराव्या शतकाशी थांबविण्याची प्रथा त्याला कारणीभूत आहे. विसाव्या शतकातील निरूपणाची भाषा, तिची उपलब्ध टिपणे व ध्वनिमुद्रणे आणि तिचे ‘दासबोध’–‘अमृतानुभवा’शी असलेले नाते यांचा अभ्यास झाला, तर अनुवादात काय गेले आणि काय उरले, याचा निर्णय अनुमानाऐवजी पुराव्यावर करता येईल.