बिनशेपटीचें मांजर

मांजर पाहिलें नाहीं असा मुलगा आपल्या शाळेंत सांपडावयाचा नाहीं. परंतु बिनशेपटीचें मांजर पाहिलें आहे काय, असें विचारल्यास बहुतेकांस नाहीं असेंच उत्तर द्यावें लागेल. इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधील समुद्रांत मॅन नांवाचें सुमारें ५७२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचें एक बेट आहे. तेथील मँक्स जातीचीं मांजरें या एका उणिवेमुळेंच जगप्रसिद्ध झालीं आहेत. तेथील लोकांना त्यांचा इतका अभिमान कीं, इ. स. १९७० सालीं काढलेल्या त्या बेटाच्या क्राउन नाण्यावर हें मांजर कोरलेलें आहे.

या मांजराची शेपटी गेली कोठें? याविषयीं एक मौजेची दंतकथा सांगतात. जलप्रलयाच्या वेळीं सर्व प्राणी तारवांत गेले, पण मांजर रेंगाळलें. नोहा दार लावीत असतां तें घाईनें आंत शिरलें आणि त्याची शेपटी दारांत सांपडून तुटली! पवित्र शास्त्रांत अशी गोष्ट नाहीं, हें आपणांस ठाऊकच आहे. शिवाय तुटलेलें शेपूट पिल्लांत उतरत नसतें. कुत्र्याची शेपटी कापली म्हणून त्याचीं पिल्लें कांहीं बिनशेपटीचीं जन्मत नाहींत.

खरें कारण आनुवंशिक आहे. पाठीच्या कण्याच्या वाढीशीं संबंध असलेलें एक जनुक या जातींत बदललेलें असतें. प्रत्येक पिल्लास या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. दोहोंपैकीं एकच प्रत बदललेली असली तरी शेपटीवर परिणाम होतो. कोणाच्या शेपटीच्या जागीं नुसता खळगा असतो, कोणास लहानसा खुंट असतो, तर कोणाची शेपटी बरीच लांबही असते. मागील पाय पुढच्यांपेक्षां लांब, ढुंगण गोल व उंच, केंस दाट व दुहेरी, आणि स्वभाव माणसाळलेला, अशीं या जातीचीं इतर लक्षणें आहेत. निरोगी मँक्स शेपटीवांचूनही चांगली उडी मारतें.

येथवर सारें कौतुकाचें झालें. आतां थोडें गणित करूं. आई व बाप दोघेंही बिनशेपटीचीं आहेत असें समजा. त्यांच्या दर चार गर्भांत, सरासरीनें, एकास बदललेली प्रत मुळींच मिळणार नाहीं. तें पिल्लूं शेपटीचें होईल. दोघांस एक एक प्रत मिळेल. तीं बहुधा बिनशेपटीचीं अथवा आंखूड शेपटीचीं होतील. चौथ्यास मात्र दोन्ही प्रती बदललेल्या मिळतील, आणि तो गर्भ जन्मापूर्वींच मरून जाईल. तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणून कोणी त्याबद्दल हळहळतही नाहीं.

जन्मलेल्यांपैकींही कांहींचें दुःख संपत नाहीं. शेपटी हा पाठीच्या कण्याचाच शेवटचा भाग होय. तो खुंटतांना कधीं कधीं वरील मणके व मज्जातंतूही अपुरे राहतात. मग पिल्लाचे मागील पाय लुळे पडतात, किंवा मलमूत्राच्या विसर्जनावर त्याचा ताबा राहत नाहीं. हीं लक्षणें बहुधा पहिल्या कांहीं महिन्यांत दिसूं लागतात.

म्हणून हें मांजर पाळणारानें पुढील काळजी घ्यावी. पिल्लूं सुमारें चार महिन्यांचें होऊन नीट चालतें व स्वच्छ राहतें असें दिसेपर्यंत तें घेऊं नये. त्याच्या ढुंगणावर थापटूं नये. तेथील मणके दुखरे असूं शकतात. बद्धकोष्ठ झाल्यास किंवा लघवी अडल्यास विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. दाट केंस वरचेवर विंचरावे. त्यास लठ्ठ होऊं देऊं नये. आणि दोन बिनशेपटीच्या मांजरांचा जोडा कधींही लावूं नये. एक शेपटीचें व बदललेली प्रत मुळींच नसलेलें असल्यास गर्भ मरण्याचा हा धोका टळतो. व्यंगाचा धोका मात्र त्यानेंही पुरता टळत नाहीं.

आपल्या घरच्या शेपटीच्या मांजरासही काळजी हवीच. आपण त्यास दूधभात घालतों, परंतु तेवढ्यावर त्याचें भागत नाहीं. टॉरीन नांवाचें द्रव्य त्यास मांस व मासे यांतून मिळावें लागतें. तें न मिळाल्यास त्याचे डोळे व हृदय बिघडतात. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाहीं.

मँक्सचें चित्र प्रथम पाहिलें तेव्हां, असें एखादें मांजर आपल्याही घरीं असावें, असें आम्हांस वाटलें होतें. वरील गणित समजल्यावर ती हौस ओसरली. बेटावरील पहिलें बिनशेपटीचें मांजर निसर्गतः जन्मलें. त्यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु केवळ नवल म्हणून तेंच व्यंग मुद्दाम वाढवीत नेणें, ही करणी मनुष्याची आहे, आणि तिचें मोल मुकें पिल्लूं देतें. देवानें मनुष्यास प्राण्यांवर जो अधिकार दिला, तो त्यांच्या रक्षणासाठीं दिला, असें आम्ही मानतों. तेव्हां बालमित्रहो, दुर्मिळ मांजराची इच्छा धरण्यापूर्वीं, आपल्या चुलीपाशीं निजलेल्या साध्या मांजरास आज पोटभर मिळालें आहे कीं नाहीं, तें पाहा.