ए-१ ड्रॉइंगसाठी ३६ इंची प्लॉटर कशाला?

प्रश्न : भोसरीत आमची फॅब्रिकेशनची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. महिन्याला ए-१ची शंभरएक आणि ए-०ची दहा-बारा ड्रॉइंग बाहेरून प्लॉट करून आणतो. बिल सात-आठ हजारांवर जातं. जीएसटी सोडून २४ इंची प्लॉटर दीड लाखाला, ३६ इंची अडीच लाखाला मिळतो आहे. विक्रेता मोठाच घ्या म्हणतो. कोणता घ्यावा? करात काय फायदा?

उत्तर : २४ इंची घ्या. ए-१ची रुंदी ५९४ मिलिमीटर आणि २४ इंची रोल ६१० मिलिमीटरचा, म्हणजे तुमची जवळजवळ सगळी ड्रॉइंग त्यावर निघतील. दहा-बारा ए-०साठी लाखभर रुपये जास्त अडकवू नका. ती बाहेरूनच काढा. दीड लाख पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला अडीच हजार पडतात. त्यात कागद, शाई आणि दुरुस्ती धरून पाहा. विक्रेत्याकडून शाईच्या पूर्ण सेटची आणि प्रिंटहेडची किंमत लेखी घ्या. मशीनसोबत येणाऱ्या काडतुसांत बहुधा शाई कमी असते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चावर भुलू नका.

शाईबाबत मात्र तडजोड करू नका. तुमची ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर आणि साइटवर जातात. डाय शाईच्या रेघेला पावसाचा थेंब किंवा घामेजलेला हात लागला की ती पसरते. लाल रंगात दाखवलेली दुरुस्ती पुसट झाली की वेल्डर जुन्याच मापाने प्लेट कापून मोकळा होतो. वाया गेलेली ती एक प्लेट शाईतल्या बचतीपेक्षा महाग पडते. काळ्यासकट सर्व रंग पाण्याने न पसरणाऱ्या पिगमेंट शाईचे आहेत का, हे विचारा. काही मॉडेलमध्ये फक्त काळी पिगमेंट असते.

आता कर. १८ टक्के जीएसटीचे २७ हजार इनपुट टॅक्स क्रेडिटमधून परत मिळतील. त्यासाठी बिल कंपनीच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह हवं आणि ते पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसायला हवं. संचालकाच्या नावावर बिल घेतलंत तर हे क्रेडिट हातचं जाईल. घसारा दीड लाखावरच धरा. २७ हजारांवरही घसारा घेतला तर क्रेडिट मिळत नाही.

प्रिंटर हा संगणकाचाच भाग, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये बीएसईएसच्या प्रकरणात मानलं. संगणकाच्या घसाऱ्याचा आजचा दर ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ६० हजार. एवढा कर वाचतो असं मात्र नाही. नफा तेवढा कमी धरला जातो. २५ टक्के दराने प्रत्यक्ष बचत १५ हजारांची. आणि दिवाळीच्या ऑफरसाठी थांबू नका. मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतो, पण सूट लांबते.

सेकंडहँड नको. बंद पडून राहिलेल्या मशीनचं हेड सुकलेलं असतं आणि ते बदलण्यातच स्वस्ताई संपते. नवीन घेताना वॉरंटी ऑनसाइट आहे, हे बिलावर लिहून घ्या.